पुंगळीला तेलाचं बोट

शुद्धलेखनाच्या चुका होतील. अक्षरही चांगलं नाही, ओळ सरळ सुरू होते आणि पुढे पुढे वर चढत जाते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर सही आणि किराण्याची चिठ्ठी याशिवाय लिहिणं झालं नाही. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कोणाच्या हाती पडलंच तर त्याने सांभाळून घ्यावं, माफी असावी. मला बोलायला जमत नाही. चार माणसं समोर असली की आवाज घशातच राहतो. कागद मधे काही विचारत नाही, म्हणून कागदावर सांगते.

मी बरीच वर्षं नागपूरच्या एका रायफल क्लबमध्ये कामाला होते. कोणी विचारलं तर मी ‘साफसफाई’ एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. सुरुवात झाडूनेच झाली आणि शेवटही झाडूनेच झाला. मधली काही वर्षं मात्र माझं काम वेगळं होतं. मी पितळेच्या रिकाम्या पुंगळ्यांना तेल लावायची.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. बंदुकीचं काडतूस म्हणजे पुढे गोळी, मागे पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाला ठिणगी देणारी टोपी. घोडा दाबला की दारू जळते, गोळी उडते, पुंगळी तेवढी रिकामी होऊन बाहेर पडते. फेकून द्यायला ती महाग असते, म्हणून पुन्हा भरतात. पण आतल्या जाळाने ती थोडी फुगलेली असते. डोळ्याला ते कळत नाही, रायफलला कळतं. मग तिला पोलादाच्या साच्यात दाबून मापावर आणावं लागतं. त्या साच्याला डाय म्हणतात. टेबलाला हाताची प्रेस ठोकलेली असते, तिच्या डोक्यात डाय बसवायची, खाली पुंगळी ठेवायची आणि दांडी ओढायची. पुंगळी वर डायमध्ये जाते आणि दबून परत येते. ती कोरडी असली तर पितळ पोलादाला असं धरतं की बुडाची कड फाटून खाली येते आणि पुंगळी आतच राहते. म्हणून आधी तेल लावायचं.

हे काम कोणालाही घरी करता येत नाही. क्लबकडे सरकारी परवाना होता, दारूची खोली वेगळी आणि कुलपात होती. दारू भरायचं काम फक्त उस्ताद करायचे. माझा संबंध रिकाम्या पितळेपुरता.

उस्ताद म्हणजे क्लबचे आर्मरर, बंदुका दुरुस्त करणारे. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे काटोलकडचे. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. पाचपावलीत आमच्या गल्लीतल्या बाया उन्हाळ्यात पापडाचं काम घ्यायच्या, त्यात काकू होत्या आणि मी होते. माझे मालक कळमन्याच्या बाजारात हमाली करायचे, त्यात भागत नव्हतं. काकूंनीच मला क्लबमध्ये झाडूच्या कामाला लावलं. पुढे उस्तादांना तेलाला कोणी हात हवा होता. आधीचा माणूस पुंगळ्या तेलात बुडवून काढायचा. तेव्हा काकू त्यांना माझ्याबद्दल म्हणाल्या होत्या म्हणे, की कांताची लाटी पाहा, पापड पोळपाटाला चिकटत नाही आणि घसरतही नाही.

तेल लावायचं काम खरोखर पापडासारखंच आहे. तेल म्हणतो आम्ही, पण ती मेंढीच्या लोकरीतून निघणारी पिवळी चरबी असते, त्यात थोडं एरंडेल मिसळलेलं. अंगठा आणि दोन बोटांना जरासं घ्यायचं आणि पुंगळी बोटांत फिरवायची. पोटाला लावायचं. जिथे ती निमुळती होते तो तिचा खांदा, त्याला लावायचं नाही. खांद्यावर तेल साचलं तर डायमध्ये त्याला जायला जागा नसते, मग ते पितळेलाच आत दाबतं आणि खांद्यावर खळगा पडतो. मानेच्या आत ब्रशचा नुसता स्पर्श. काम झालं की सगळं पुसून काढायचं, कारण आत तेल राहिलं तर दारू बिघडते आणि बाहेर राहिलं तर रायफलला धक्का जास्त बसतो. कमी लागलं की अडकते, जास्त लागलं की खळगा पडतो. या दोन्हींच्या मधलं जे आहे ते सांगता येत नाही. बोटाला कळतं.

नागपुरात ते आणखी अवघड. डिसेंबरात चरबी डबीत घट्ट बसायची, मी डबी पदराखाली धरून ऊब द्यायची. मे महिन्यात तीच पाण्यासारखी पातळ व्हायची आणि बोटांना घाम असायचा. ओलं बोट तेलाचं की घामाचं, हे उन्हाळ्यात कळणं हीच खरी परीक्षा.

उस्तादांचा एक नियम होता. जो तेल लावेल त्याने दांडी ओढायची नाही, आणि जो दांडी ओढेल त्याने तेलाला बोट लावायचं नाही. मी एकदा विचारलं, काहून असं. म्हणाले, “एकाच माणसानं दोन्ही केलं तर तो सोताले शिव्या देईन का? दोघं पाह्यजे. अडकली तर चूक तेलवाल्याची. वाकडी आली तर दांडीवाल्याची. भांडण नोको.” तेल मी लावायची, दांडी ते ओढायचे, आणि सगळ्या क्लबला हा नियम माहीत होता. मेंबर लोक चेष्टेने मला तेलवाली म्हणायचे.

मेंबर लोकांचेही एकेक प्रकार होते. प्रत्येकाच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवाव्या लागत, एकाच्या दुसऱ्यात गेलेल्या चालत नसत. एक ठेकेदार होते, त्यांना पुंगळ्या देवघरातल्या समईसारख्या चमकलेल्या हव्या असायच्या. नेमबाजी त्यांची जेमतेम होती. उस्ताद म्हणायचे, निशाणा लागला नाही तरी उजेड पडला पाह्यजे. ठेकेदारांनी एकदा घरून सगळ्या पुंगळ्या चिंचेत घासून आणल्या आणि पितळ गुलाबी पडलं. उस्तादांनी त्या डब्यातली एकही भरली नाही. कळमन्याचे एक संत्र्यांचे व्यापारी होते, ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक पुंगळीचा वास घ्यायचे. मला त्यांच्यासमोर हात उचलायची लाज वाटायची. शेवटी उस्तादांनी सांगितलं, “शेटजी, हे संत्र नोहे, सोलून खाऊ नका.” तेव्हापासून ते लांब बसायला लागले.

घरी माझे मालक म्हणायचे, “क्लबच्या पितळेले रोज तेल, अन् पोरीच्या डोक्याले रविवारीच.” हसत म्हणायचे. पगार थोडा वाढला होता म्हणून हसत म्हणायचे.

माझ्या बोटाखालून गेलेली एकही पुंगळी कधी अडकली नाही. हे मी कुठे बोललेले नाही. बोलायची वेळ आली तेव्हाही बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

उस्तादांना साखरेचा आजार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. चहा बिनसाखरेचा घ्यायचे. मला पुढचं एका हिवाळ्यात कळलं. चहावाल्याने काचेचा ग्लास उकळता आणून दिला. मी पदराने धरला तरी सोसेना. उस्तादांनी तोच ग्लास उघड्या बोटांनी धरला आणि बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन बोटांना फोड होते. मी त्याकडे पाहत होते, ते त्यांनी पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला.

त्यानंतर एकेक लक्षात यायला लागलं. बारीक स्क्रू त्यांच्या हातून पडायचा आणि पडला हे त्यांना आवाजाने कळायचं. मी तेल लावलेली पुंगळी ते आधी बोटात फिरवून पाहायचे आणि ‘हाव’ म्हणून मान डोलवायचे. आता पुंगळी हातात न घेता विचारायचे, “कांता, बराबर हाय ना?” मी बरोबर आहे म्हणायची. तपासणारे ते होते, पण तपासणी माझ्याच तोंडची झाली होती. दोघांनी कधी त्यावर अक्षर काढलं नाही. ज्याने मला हे बोटाचं ज्ञान दिलं, त्याच्याच बोटांची जाणीव गेली होती, आणि ते मी त्याला कोणत्या तोंडाने विचारणार होते?

रामदासपेठेतले एक वयस्कर डॉक्टर क्लबचे मेंबर होते. त्यांच्या वडिलांची एक जुनी विलायती रायफल होती, तिचं माप आता कोणी वापरत नाही. त्या मापाची डाय त्यांनी बाहेर देशातून मागवून घेतली होती आणि उस्तादांच्या भरवशावर क्लबमध्ये ठेवली होती. ती डाय आतून आरशासारखी होती. आम्ही ती तलम फडक्यात गुंडाळून ठेवायचो.

मे महिना होता. डॉक्टरांना कुठे तरी नेमबाजीला जायचं होतं, घाई होती. दुपारी लाईट गेली आणि कूलर बंद पडला. कूलरची टाकीही रिकामी झाली होती. उस्ताद मला म्हणाले, पाणी भरून ठेव, लाईट आली की लागेल. नळ मागच्या बाजूला होता, त्याला धार बारीक यायची. मी बादल्या भरत बसले. मी डॉक्टरांच्या पुंगळ्यांना अजून हात लावला नव्हता, डबा टेबलावर तसाच बंद होता.

मागून हातोडीचा आवाज आला. मी धावत गेले. प्रेसच्या पकडीत पितळेची फाटलेली कड होती, पुंगळी डायमध्ये वर अडकलेली. उस्ताद वरून लोखंडी सळई घालून ठोकत होते. घाई कधीच करू नको, अडकली तर बुडाला भोक पाडून स्क्रूने ओढून काढायची असते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, उस्ताद थांबा. त्यांनी ऐकलं नाही. पुंगळी निघाली, पण सळई आत घसरली होती. डाय उजेडात धरली तेव्हा आरशावर खालपासून वरपर्यंत ओरखडा दिसला. आता त्यातून येणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटणार होता. डाय गेली.

टेबलावर उघड्या डब्याशेजारी तेलाची डबी होती. झाकण बंद होतं. त्यांनी डबीत बोट घातलंच नव्हतं, की घातलं आणि पुन्हा झाकण लावलं, देव जाणे. मला वाटतं बोटांना घाम होता, बोटं चमकत होती, आणि ते डोळ्यांनीच समजले की तेल आहे. बोटाला काही कळत नव्हतं, मग डोळ्यावर विश्वास ठेवावा लागला. मी नसताना त्यांनी तेल आणि दांडी दोन्ही आपल्या हातात का घेतलं, हे मी नंतर खूप दिवस विचार करून पाहिलं. घाई होती हे खरं. पण मला वाटतं, आपल्याला अजून जमतं का, हे त्यांना कोणी बघत नसताना बघायचं होतं.

हातोडीचा आवाज ऐकून सेक्रेटरी साहेब आत आले. हे क्लबचा कारभार बघायचे, पुण्याकडचे, आवाज मोठा. त्यांनी डाय हातात घेतली, पाहिली, आणि विचारलं, “तेल कोणी लावलं होतं?”

उस्तादांनी फडकं घेतलं आणि प्रेसची दांडी पुसायला लागले. मला वाटलं, हात पुसून मग बोलतील.

“कांता, लक्ष कुठे असतं तुझं?” साहेब म्हणाले.

मी म्हटलं, “मी पाणी भरायला…”

“पाणी भरायला काय?”

मी उस्तादांकडे पाहिलं. ते दांडी पुसत होते. मग ते बोलले. मला अजून तो आवाज आठवतो, अगदी मवाळ होता.

“जाऊ द्या साहेब. उन्हाळा हाय. घामाचा हात अन् तेलाचा हात एकसारखाच लागते. पोरगी हाय, होते चूक.”

ते काही बोलले नसते तर बरं झालं असतं. गप्प राहिले असते तर कोणी तरी विचारलं असतं, मला नाही तर त्यांना. पण ते माझी बाजू घेऊन बोलले, आणि त्यानंतर विचारायला काही उरलंच नाही. साहेबांना वाटलं, उस्ताद किती मोठ्या मनाचे आहेत.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी डाय खिडकीशी नेऊन एक्सरेचा फोटो बघतात तशी पाहिली, म्हणाले वडिलांच्या रायफलीला आता पेन्शन देऊ. पैसेही मागितले नाहीत. पण सेक्रेटरी साहेब म्हणाले, क्लबची अब्रू आहे, भरपाई क्लब देईल आणि कामावरच्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, पगारातून दर महिन्याला कापेल. मला टेबलावरून काढलं. परत झाडू, आणि रेंजवर पडलेल्या पुंगळ्या वेचायचं काम. तेलाला आता एक दुसरा माणूस येईल म्हणाले, पण आला नाही. तेल आणि दांडी दोन्ही उस्तादच करायला लागले.

मालकांना मी घरी खरं सांगितलं. ते चिडले. “देवानं तुले जबान भाकर खायलेच देल्ली का? तू नाही सांगत त मी येतो.” मी त्यांना येऊ दिलं नाही. म्हटलं उस्ताद सांगतील, एक-दोन दिवसांत सांगतील. मला तसं खरंच वाटत होतं.

पगार कापून मिळाला त्या दिवशी उस्ताद सायकल स्टँडजवळ उभे होते. त्यांनी माझ्या हातात घडी घातलेल्या नोटा दिल्या. जेवढा कापला होता तेवढ्या. म्हणाले, जेवढं कटन तेवढं मी देत जाईन, तुझ्या घरी तोटा नाही होऊ देणार. मी नोटा घेतल्या. घरात लागत होत्या. पण त्या घेताना असं वाटलं की मी काही तरी विकते आहे आणि ते काय, हे मला पुरतं कळत नाही.

रेंजवर पुंगळ्या वेचताना मला सवयीने त्यांचे खांदे पाहायची खोड होती. हळूहळू खळगे दिसायला लागले. एका डब्यात, मग दुसऱ्या डब्यात. बारीक, नखाएवढे. उडवणाऱ्याला फरक पडत नव्हता, पण मला कळलं. उस्ताद आता तेल फार लावत होते. पुन्हा अडकू नये म्हणून थापत होते. त्यांची भीती मला पितळेवर दिसत होती, आणि ती दिसणारी मी एकटीच होते. मी घरी तेल लावून मुलीचे केस विंचरताना ते खळगे आठवून थांबायची.

एकदा मी धीर केला. दुपारी ते खोलीत एकटे होते. खळगा पडलेली एक पुंगळी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली.

म्हटलं, “उस्ताद, तेल जास्त होऊन राहिलं.”

“माहीत हाय मले.”

“मी लावून देते. नियमाप्रमाणे दोघं करू.”

“साहेब तुले टेबलाशी बसू नाही देणार आता.”

मग मी म्हटलं, आयुष्यात इतकं मोठं वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बोलले, “मले तुमचे पैसे नोको उस्ताद. साहेबांले एक शब्द सांगा, का तेल मी नव्हतं लावलं. बस.”

त्यांनी पुंगळी उचलायचा प्रयत्न केला. ती बोटातून निसटली, पुन्हा उचलली. म्हणाले, “तो शब्द सांगतला का ते विचारतीन, मंग कोणं लावलं. मी सांगीन, मी. मंग विचारतीन, तुमच्यासारख्या माणसाले काहून नाही समजलं. मंग हात पाहातीन. दारूच्या खोलीची चावी जाईन वं. काकूले काय खाऊ घालू? माह्या दवाईले काय?”

मी विचारलं, हात असे असताना दारू भरता, त्याचं काय. ते म्हणाले, दारू काट्यावर मोजतो, त्याला डोळे लागतात, बोट लागत नाही. ते खरं होतं. त्यांच्या हातचं एकही काडतूस कधी फसलं नाही. तरी रेंजवर आवाज झाला की मी झाडू थांबवून तिकडे पाहायची, ते काम सोडून जाईपर्यंत पाहत राहिले.

“पैसे घेत जा,” ते म्हणाले. “तेवढंच मले देता येते.”

मी बाहेर आले. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत होतं आणि देताही येत नव्हता. चावीपुढे माझं नाव केवढंसं होतं? मी झाडूवालीच होते की आधी. पण टेबलाशी बसलेली असताना मी कोणी तरी होते. ते मला आणि त्यांना, दोघांनाच माहीत होतं.

काही महिन्यांनी त्यांची औषधं वाढली आणि माझे पैसे मागे पडले. ते तोंड चुकवायला लागले. मी मागितले नाहीत. क्लब मात्र डायची भरपाई पुरी होईपर्यंत माझा पगार कापत राहिला. मग उस्तादांच्या पायाला जखम झाली, चिघळली आणि अंगठा काढावा लागला. त्यांनी काम सोडलं.

क्लबने त्यांचा निरोप चांगला केला. शाल, नारळ, समोसे, सगळं होतं. मी मागे समोशांच्या परातीपाशी उभी होते. मला वाटत होतं, आज सांगतील. आता चावी दिली आहे, आता जायला काही उरलं नाही. सेक्रेटरी साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, उस्तादांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकच डाय खराब झाली, आणि तीही त्यांच्या हातून नाही. लोक हसले. काहींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. वाईट मनाने नाही, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं.

उस्ताद उठले. काठी धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खात्रीने सांगते, पाहिलं. म्हणाले, “सगळ्याइचे आभार.” काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं आता. मग म्हणाले, “काही चुकलं माकलं असन त माफ करा,” आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. मी परात उचलून समोसे वाटायला गेले. त्यांच्यापुढे परात धरली तेव्हा त्यांनी समोसा घेतला नाही. तब्येतीमुळे घेतला नसेल.

ते काम सोडून गेल्यावर पुंगळ्या भरायचं कामच बंद झालं. तयार काडतुसं आणणं सोपं पडतं म्हणाले. प्रेस टेबलावरून उखडली, टेबलाला चार भोकं राहिली. सेक्रेटरी साहेब मुलाकडे बंगलोरला राहायला गेले. डॉक्टर वारले. नवीन सेक्रेटरी आले, त्यांना डाय म्हणजे काय हेही माहीत नव्हतं आणि तेलवाली कोण हेही नाही. मग साफसफाई बाहेरच्या एका ठेकेदाराकडे गेली, त्याने तरुण पोरी आणल्या, आणि माझंही काम सुटलं. आता उस्तादांनी तो शब्द सांगायचं ठरवलं असतं, तरी ऐकायला कोणी नव्हतं.

उस्तादांचे पैसे मात्र पुन्हा यायला लागले. बऱ्याच दिवसांनी काकू घरी आल्या आणि पदराच्या गाठीतून थोडे देऊन गेल्या. नंतर अधूनमधून येत राहिल्या, कधी थोडे, कधी अगदीच थोडे. काकूंना त्यांनी काय सांगितलं होतं कोणास ठाऊक. त्या म्हणायच्या, तुझ्याकडून उसने घेतले होते म्हणे दवाखान्यासाठी. मी हो म्हणायची. मी एकदा म्हटलं, राहू द्या काकू, तुम्हालाच लागतात. त्या म्हणाल्या, “नाही बाप्पा. मी घरी गेली का हे पह्यले तेच विचारते, देल्ले का कांताले.”

मागच्या आठवड्यात ई-रिक्षा दारात थांबली. काकूंनी उस्तादांना धरून उतरवलं. फार वाळले आहेत, नजरही कमी झाली आहे. मी खुर्ची दिली. मुलीची, तिच्या नोकरीची विचारपूस झाली. माझे मालक आता नाहीत, त्यांच्या फोटोला उस्तादांनी हात जोडले. मी बिनसाखरेचा चहा केला आणि वाटीत ओतून गार करून दिला.

चहा झाल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नोटा काढल्या. एकेक मोजून माझ्या हातात द्यायच्या होत्या त्यांना. पण एक नोट की दोन, हे त्यांच्या बोटांना कळत नव्हतं. ते नोट डोळ्याजवळ नेत, फिरवत, पुन्हा सुरुवात करत. काकू मदतीला आल्या तर त्यांना हाताने दूर केलं. मी वाट पाहत बसले. शेवटी त्यांनी सगळ्या नोटा माझ्यापुढे केल्या आणि म्हणाले, “तूच मोज.”

मी मोजल्या. एकीला एक चिकटून पाचशेची एक नोट जास्त आली होती. ती मी त्यांच्या खिशात परत घातली. बाकीचे बरोबर होते. जेवढा पगार कापला गेला होता, तेवढा सगळा आला.

“पुरे झाले?” त्यांनी विचारलं.

“झाले.”

ते बसून राहिले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकू उठल्या, त्यांच्या काखेत हात घातला. ते अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

“कांता, आता तुह्यं माह्याकडे काही राहिलं त नाही ना?”

मी म्हटलं, “नाही उस्ताद. काही नाही राहिलं.”